ऐकणारा मारुती

मूर्ती सरकवायला खाली घातलेली लोखंडी नळी घसरली आणि माझा डावा हात मारुतीच्या बैठकीखाली गेला, तेव्हा देवळात बुवांनी नुकतंच नमन धरलं होतं.

आधी दुखलंच नाही. एवढंच कळलं, की मी उभा होतो तो आता गुडघ्यावर आहे, आणि हात जिथं संपायला पाहिजे त्याच्या बराच अलीकडे संपलाय. पुढं संगमरवर. मग कळ आली, ती खांद्यातून मानेपर्यंत चढली, आणि मी ओरडलो. माझ्या ओरडण्यावर देवळातल्या लाउडस्पीकरनं झांज वाजवली.

रामनवमीचा दिवस. पिंपळघाटातलं झाडून सगळं माणूस वर देवळात. येळावीकरबुवा वर्षातून एकदा रामजन्माच्या कीर्तनाला यायचे, आणि ते आले की गावात आजारी माणूससुद्धा खाटेसकट मंडपात जायचं. माझी बायको कौसा पहाटेच हार गुंफायला गेली होती. जाताना म्हणाली, "लवकर या. मागनं जागा मिळत न्हाई म्हणून कुरकुर करायची न्हाई."

"आलोच," म्हणालो होतो मी. आयुष्यात मी बुवांचं कीर्तन चुकवलं नव्हतं. मी आलो नाही म्हटल्यावर तिला शंका यायला हवी होती. पण त्या गर्दीत बायका एकीकडे, बाप्ये एकीकडे. मी मंडपात कुठंतरी बसलेला असणार, हेच ती धरून चालली असणार.

आमची मूर्तीकामाची शेड नदीच्या अंगाला, गावापासून खाली. मळ्यातून एक पायवाट आणि मध्ये बाभळी. हाकेला गाव एरवीही कठीण. त्या दिवशी तर कर्ण्यातून बुवांचा आवाज नदीपल्याड जात होता. माझा कुठला पोचणार?

तरी मी ओरडलो. कौसाच्या नावानं, शेजारच्या मळ्यातल्या गड्याच्या नावानं, शेवटी नुसतंच. उत्तर आलं ते पाचरीकडून. कर्र.

ती पाचर बाभळीची. मूर्ती हलवण्याआधी सवयीनं बैठकीच्या बाजूला ठोकली होती, तिच्यावरच आता दगडाचा भार तोललेला होता. मूर्ती माझ्याकडे कललेली, तिचा खांदा शेडच्या मेढीला, लाकडी खांबाला टेकलेला, बैठकीची कड ओट्यावर आणि कडेखाली माझा हात. पाचर टिकली तोवर हात चेपलेला राहणार होता. पाचर गेली की हात तर जाणारच, पण मेढीवरून खांदा सुटला तर तो सगळा दगड माझ्या छातीवर येणार होता. बाभूळ चिवट असते. पण चिवट लाकूड मोडण्याआधी बराच वेळ कुरकुरतं, आणि ते कुरकुरायला लागलं होतं.

मी मान वर करून मारुतीकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता.

हा मारुती आमच्या देवळासाठी. राममूर्तीसमोरचा जुना दगडी मारुती झिजून नाकडोळे गेलेला, म्हणून गावानं नवा करायचं ठरवलं. पौर्णिमेला, हनुमान जयंतीला प्रतिष्ठा. उड्डाण करणारा नाही, पर्वत घेतलेला नाही. जिथं रामकथा चालते तिथं मारुती येऊन बसतो, म्हणून कीर्तनात त्याच्यासाठी एक पाट मोकळा ठेवतात. त्या पाटावरचा मारुती मला करायचा होता. मांडी घातलेला, हात जोडलेला, मान किंचित एका बाजूला. ऐकणारा.

मी माती करत नाही. म्हणजे आधी मातीचा नमुना, मग मापं घेऊन दगडात तसाच उतरवायचा, हे मी करत नाही. दगडासमोर उभा राहतो, टाकी लावतो आणि आत जातो. काढलेली कपची परत चिकटत नाही, म्हणून प्रत्येक घाव विचारून घालायचा. कुणाला विचारून, ते सांगता येत नाही. दगडाला म्हणा, देवाला म्हणा.

यावरूनच माझं आणि दादाचं बिनसलं होतं.

आमचे वडील भाविक पाथरवट. आम्हा भावांची नावं त्यांनी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान अशी ठेवली. मधला ज्ञानदेव पाळण्यातच गेला. थोरला निवृत्ती आणि धाकटा मी, आमच्यामधला दुवाच देवानं उचलून नेला, असं आई म्हणायची. दादाचा हात मातीत असा चाले की वाटावं माती आपणहून उठतेय. वडिलांमागं एका मूर्तीवरून वाद झाला. मी म्हणालो, "मातीतला देव दगडात आणायचा म्हणजे नक्कल. नकलेला कोण नमस्कार करंल?"

दादा म्हणाला, "आधी माती, मग दगड. बापानं हेच शिकवलं. तुझ्याशी दगड बोलत न्हाई सोपाना, तुझा माज बोलतोय."

"मग मी पुन्हा मातीला हात लावायचा न्हाई."

"आणि मी तुझ्या दगडाला!"

भांडणात बोललेलं माणसं विसरतात. आम्ही पाळलं. त्यानं आपल्या घराच्या परसात काम मांडलं, मी शेडमध्ये राहिलो. बायका पाण्यावर बोलायच्या, आम्ही रस्त्यावर समोरासमोर आलो तर एकमेकांच्या चपला बघायचो. आणि दादा कीर्तनालाही येईनासा झाला. मी मंडपात पुढं बसणार म्हणून तो येत नाही, हे मी ओळखून होतो. लोकांना सांगायचो, "आमच्या दादाला देवाधर्माचं वावडं झालंय."

वर बुवा पूर्वरंगात शिरले. ऐकायचं कसं, यावरच त्यांचं निरूपण चाललं होतं. "कानानं ऐकतो तो श्रोता," बुवा म्हणत होते, "पण ज्याला उठून जाता येत नाही, तो खरा श्रोता!" मंडप हसला. बुवांचा रोख दारातल्या पेंगणाऱ्यांवर असणार. मला त्या कळांमध्येही हसू आलं, आणि हसताना हात हलला, आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.

शुद्ध आली तेव्हा मागच्या दाराची दोरी ओढल्याचा आवाज होता.

मागच्या दाराची कडी आतून. बाहेरून उघडायची तर चौकटीतल्या भोकात बोट घालून दोरी हुडकावी लागते. कौसाच आली असं वाटून मला जीव आला. बाहेर वाघ्या होता, आमचा कुत्रा. तो भुंकला नव्हता. वाघ्या बुवांवरसुद्धा भुंकायचा. घरच्या माणसाशिवाय तो कुणालाच दार गाठू द्यायचा नाही.

"अगं, धाव," मी म्हणालो, "माणसं बोलाव!"

दारात दादा उभा होता.

मला बघून तो इतका दचकला की मागंच सरला. मग त्याची नजर खाली आली, माझ्या दंडावरून बैठकीपाशी.

"आरं देवा," तो म्हणाला. मग, जणू आम्ही कालच बोललो होतो, तसा ओरडला, "एकट्यानं हलवलास? अक्कल काय गहाण पडलीया?"

"दादा, ओरडू नको. पाचर ऐक."

तो थांबला. त्यानं ऐकलं. आम्हा दोघांचे कान एकाच बापानं तयार केलेले. त्याला पुढं सांगावं लागलं नाही. त्यानं पहार उचलली, ओट्याच्या कडेला टेकू दिला आणि अंग टाकलं. दगड केसभर उचलला, पाचर कडकन वाजली आणि दगड पुन्हा बसला. मी किंचाळलो.

"चौघांचं काम हाय," दादा धापा टाकत म्हणाला.

"जा मग. देवळातनं आण चौघं."

त्यानं पाचरीजवळ तोंड नेलं. लाकडाला उभी भेग गेली होती. "मी वर जाणार, गर्दीतनं माणसं काढणार, खाली येणार. तवर ही ऱ्हाती व्हय?"

मी त्या भेगेकडे पाहिलं.

"शीर कुठनं गेलीया?" त्यानं विचारलं.

मला कळलं त्याला काय म्हणायचंय ते. प्रत्येक दगडात कुठंतरी शीर असते, कच्ची रेघ. दुसऱ्याच्या दगडातली ती सहज दिसत नाही, पण जो महिनोन्‌महिने तिला चुकवत काम करतो त्याला ती स्वतःच्या दंडावरच्या शिरेसारखी ठाऊक असते. तिच्यावर घण बसला की दगड दोन होणार. वरचा भाग गेला, की खालची बैठक एका पहारेनं उचलण्याजोगी.

"न्हाई," मी म्हणालो.

"सोपाना, शीर सांग."

"हात जाऊ दे. डावाच हाय."

"डाव्या हातात टाकी धरतोस तू. आणि टाकीचं ऱ्हाऊ दे, एका हातानं टाळ तरी वाजतो का? कीर्तनाला जाऊन मांडीवर मारत बसणार हायस?"

"दादा, पुनवेला प्रतिष्ठा हाय. गाव वाट बघतंय."

"गावाला मारुती पाहिजे. मला काय पाहिजे ते मला इचार की एकदा!"

हे तो एवढ्या मोठ्यानं बोलला की बाहेर वाघ्या उठून बसला. कर्ण्यातून बुवांचं आख्यान सुरू झालं होतं. दशरथाचा यज्ञ, अग्नीतून आलेलं पायस. दादा पलीकडे तोंड करून उभा होता. त्याची पाठ म्हातारी झाली होती. रस्त्यावर चपला बघून हे कळलं नव्हतं.

"डाव्या खांद्यावरनं," मी म्हणालो. "जोडलेल्या हाताखालनं उजव्या कुशीत. मागनं बघ, मानेखाली पिवळसर दिसंल."

त्यानं मानेखाली अंगठा फिरवून रेघ पाहिली. जाड दोर आणला, मारुतीच्या खांद्याखालून गळ्याभोवती घेतला आणि पलीकडच्या मेढीला आवळला, म्हणजे वरचा भाग सुटला की माझ्यावर न येता तिकडं जाईल. गळ्यातल्या दोराकडे मला बघवेना. दादाला ते दिसलं असावं.

"लंकेत बांधून घेतलं होतं की त्यानं," तो गाठ मारत म्हणाला. "रावणापुढं जायला चालतं, मग तुझ्यापायी न्हाई व्हय बांधून घ्यायचा?"

मग तो कोपऱ्यात गेला, खुंटीवरून जुनी पोती बाजूला सारली आणि मागचा घण काढला. घण कुठं आहे, हे त्यानं विचारलं नाही. मी तेव्हा ते नुसतं पाहिलं.

घण खांद्यावर घेऊन तो मूर्तीसमोर आला, पाय रोवले, नेम धरायला मान वर केली, आणि तसाच थिजला.

घण हळूहळू खाली आला.

"सोपाना," तो म्हणाला. "डोळं उघडलंस?"

आमच्या घराण्यात देवाचे डोळे शेवटी. प्रतिष्ठेच्या दिवशी, समोर आरसा धरून, म्हणजे देवाची पहिली नजर देवावरच पडावी. तोवर तो दगड, त्याला कितीही घाव घाला. पण एकदा डोळे उघडले, की कारागिरानं टाकी खाली ठेवायची, घातलेल्या घावांची क्षमा मागायची आणि बाजूला व्हायचं. त्यानंतर त्या अंगाला लोखंड लावायचं नाही. वडिलांनी एकदा डोळे उघडल्यावर दिसलेली अंगठ्याएवढी खोट तशीच राहू दिली होती.

"आज पहाटं," मी म्हणालो.

"का?"

काय सांगणार? मूर्ती सगळी झाली होती, पण नजर सापडत नव्हती. ऐकणाऱ्याचे डोळे कुठं असतात? बुवांकडे नसतात, शेजाऱ्याकडे नसतात. पहाटे पत्र्याच्या भोकातून उजेडाची तिरीप आली, पापणीच्या कोऱ्या दगडावर पडली, आणि मला ती नजर दिसली. तशी दिसली की तेव्हाच घ्यावी लागते. मातीत उद्याही मिळते, दगडात नाही. मी टाकी उचलली. सूर्य वर येईतो डोळे झाले होते.

मग भान आलं. समोर आरसा नाही, शेडची पडकी भिंत. ऐकणाऱ्याची पहिली नजर भिंतीवर, आणि तीसुद्धा रामजन्माच्या दिवशी! देवळाकडे त्याची पाठ. मला राहवेना. निदान कीर्तन सुरू व्हायच्या आत त्याचं तोंड देवळाकडे करावं, त्याला रामजन्म ऐकवावा, मग आपण मंडपात जावं, असं मनात आलं. माणसं बोलावली असती तर त्यांना डोळे दिसले असते. म्हणून एकट्यानं नळ्यांवर घेतला.

हे सगळं मी दादाला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "त्याला कीर्तन ऐकवायचं होतं."

दादा मटकन ओट्याच्या कडेवर बसला. घण त्याच्या पायांत.

"माझ्यानं व्हायचं न्हाई," तो म्हणाला. "बघतोय तो."

पाचरीनं पुन्हा आवाज केला. या वेळी त्यातून पांढरी ढलपी उडाली. दगड सुपारीएवढा खाली आला असेल. माझी बोटं आता मला कळतच नव्हती. मला वाटलं, हे बरोबरच आहे. मी त्याला कोंडला दगडात, आणि नेम मोडून त्याची नजर उघडली, आता त्यानं मला धरलंय. सोडवणारा समोर बसलाय आणि त्याचेही हात बांधलेले. तिघंही एकाच दोरात.

वर बुवा अंजनीपाशी आले होते. घारीनं पायसाचा वाटा पळवला आणि तो डोंगरावर अंजनीच्या ओंजळीत पडला, ती गोष्ट. बुवा ती फार हळू सांगायचे. "तिला ठाऊक नव्हतं हो काय मागावं," बुवा म्हणत होते, "तिनं नुसते हात पुढं केले होते!"

दादा उठला आणि बाहेर गेला.

मी त्याला हाक मारली नाही. मला वाटलं, तो गेला. वर माणसं आणायला गेला असेल, नाहीतर नुसताच गेला असेल, दोन्ही सारखंच. मी मारुतीकडे बघत राहिलो आणि म्हणालो, ऐक बाबा, तुझ्याच जन्माची गोष्ट चाललीय. भिंतीकडे तोंड असलं म्हणून काय झालं.

दादा आला तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाचे होते. ओंजळीत नदीची माती. काळी, ओली, मूर्तीला लागते तशी काठाखालची चिकण माती. त्यानं ती ओट्यावर ठेवली, तिच्यातून दोन गोळे काढले, तळव्यांवर मळले. मग पुढं होऊन अंगठ्यानं एक गोळा मारुतीच्या उजव्या डोळ्यावर बसवला. कडा दाबल्या. मग डावा. आई लेकराला काजळ घालते, तसा त्याचा अंगठा फिरला.

"नीज घटकाभर," तो मारुतीला म्हणाला. "तुला काय दिसलं न्हाई, आम्हीबी काय केलं न्हाई." मग माझ्याकडे वळून, "आता दगड हाय. तोंड फिरव."

"दादा, तू माझ्या दगडाला—"

"तोंड फिरव म्हणतो ना!"

मी तोंड फिरवलं. वर नगारा घुमला, घंटा सुरू झाल्या, सगळ्या मंडपानं एका गळ्यानं रामाचा जयजयकार केला. राम जन्मला होता, गुलाल उधळला असणार. त्या गजरात पहिला घाव बसला. मला तो कानानं नाही, दंडातून कळला. दुसरा. तिसऱ्याला दगड वाजला. पाथरवटाला तो नाद कळतो, माणसाच्या तोंडून श्वास सुटल्यासारखा. काहीतरी जड माझ्यापासून दूर गेलं आणि पलीकडे जमिनीवर आदळलं. मग पहारेचा खणखणाट, दादाची शिवी, आणि माझा हात माझ्या मांडीवर आला. तो माझा वाटत नव्हता.

दादानं मला पाठुंगळी घेतलं. पायवाटेनं वर जाताना मी म्हणालो, "डोळं मिटलेलं ऱ्हाऊ दे त्याचं. माणसं बघतील."

"गप ऱ्हा," तो म्हणाला. "पाळणा म्हणतायत. ऐक."

खरंच, वर पाळणा सुरू झाला होता.

मिरजेच्या दवाखान्यात दोन बोटं काढली. बाकीची राहिली, थोडी वाकडी. मी परत आलो तोवर चैत्र सरला होता. दुभंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही. दादानं ती चार माणसं घेऊन, फुलं वाहून, कृष्णेच्या डोहात सोडली होती. डोळ्यांवरची माती त्यानं काढू दिली नाही, असं कौसा म्हणाली. पाण्यातच सुटली असेल.

तो मला भेटायला आला नाही. मी वाट पाहिली. शेडमध्ये जाऊन रिकाम्या ओट्यासमोर बसलो. उरलेल्या बोटांत टाकी धरून पाहिली, ती निसटली. गावानं नव्या मारुतीचा विषय माझ्यासमोर काढणं सोडून दिलं, तेच जास्त लागलं.

एके दिवशी कौसा पाण्याची घागर उतरवत म्हणाली, "थोरल्या वैनी म्हणत होत्या, आमच्या परसातलं ओलं बारदान उचलून बघा म्हणावं एकदा तुझ्या धन्याला. त्या दोघांच्या हट्टापायी मी रोज त्यावर पाणी किती दिवस मारू?"

"कसलं बारदान?"

"मला काय म्हाईत? जाऊन बघा की. चपला बघायला जाता, तसं."

मी गेलो. दादा परसात मूर्तीचं काही काम करत होता, मला बघून हात पुसत उभा राहिला. कोपऱ्यात पाटावर काहीतरी ओल्या पोत्याखाली झाकलेलं. मी विचारलं नाही, त्यानं अडवलं नाही. मी पोतं उचललं.

माझा मारुती होता.

मातीत, हातभर उंचीचा. मांडी तीच, जोडलेले हात तेच, मानेचा तो कलता वळसा, ज्याच्यासाठी मी अख्खा पावसाळा काढला होता, तोच. डाव्या खांद्याचा उतार मी मध्येच बदलला होता, तोही बदललेला. फक्त डोळ्यांच्या जागी कोरी माती.

"हे कधी?" मी विचारलं.

दादा पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत होता. "तू कीर्तनाला गेलास की. दर एकादशीला, सप्त्यात, कुणी बुवा आला की. तू कीर्तन चुकवत न्हाईस म्हणून. मागनं यायचो, बघायचो, हात फिरवायचो, घरी येऊन करायचो. दगडाला हात लावायचा न्हाई म्हणालो होतो, त्येवढं खोटं झालं."

वाघ्या का भुंकला नव्हता, दोरी कशी सापडली, घण कुठं आहे हे कुणी सांगितलं, सगळं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

"आणि मी लोकांना सांगायचो, तुला कीर्तनाचं वावडं."

"मला कसलं वावडं? शेडमधी कर्ण्याचा आवाज मस्त येतो. तुझ्या मारुतीसमोर बसून ऐकलंय सगळं. तुझ्या मंडपासारखी दाटी न्हाई, पेंगणारं कुणी न्हाई. आम्ही दोघंच."

सगळं कीर्तन त्यानं ऐकलं होतं, माझ्या मारुतीनं. भिंतीकडे तोंड करून, माझ्या भावाशेजारी बसून. आणि मी त्याला ऐकवायला म्हणून नळ्यांवर घेतला होता.

"नवा दगड मी धरीन," दादा म्हणाला. "मापं काढीन, अंग उतरवीन. पण डोळं न्हाईत माझ्यापाशी. त्या दिवशी मी नीट बघितलंच न्हाई, भ्यालो होतो. ते तुला ठाऊक."

"हात बघितलास माझा?"

"टाकी नंतर धर. आधी माती." मग जरा थांबून, जुनं भांडण आठवून, तो स्वतःच हसला. "चालंल ना?"

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. मी पाटासमोर बसलो. माती थंड होती, नुकतंच पाणी मारलेलं. वाकडी बोटं मला नीट उघडता येत नव्हती, म्हणून मी अंगठाच पुढं केला आणि कोऱ्या पापणीवर टेकवला.